पूर्ण फॉरमॅट करून द्यावे

जिल्हा विभागला, गोंदिया निराळे झाले, आणि आमच्या तलावाच्या नोंदीचे कागद दोन कचेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी हरवले. त्या कागदांसाठी मी केलेला एक अर्ज कारकुनाने एका ओळीचा शेरा मारून परत पाठविला: 'अर्ज फॉरमॅटमध्ये नाही.' हा नमुना कोणत्या नियमान्वये विहित केला आहे, असे विचारणारे पत्र मी त्याच दिवशी धाडले. उत्तर आजतागायत आलेले नाही.

त्याच आठवड्यात, मी ज्यावर अर्ज टंकित करीत असे तो घरचा संगणक बिघडला. सुरू करताच निळा पडदा येई आणि तो पुन्हा बंद पडे. मी डबा चादरीत गुंडाळून साकोलीच्या बाजारातील दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान चालविणारी बाई पवनीकडच्या विणकर घरातली; एका महाविद्यालयाचा सर्व्हरही तीच सांभाळी.

"सिस्टीम गेली काकाजी. फॉरमॅट मारू का?"

माझे अर्ज आता योग्य नमुन्यात बसणार, या कल्पनेने मला समाधान वाटले. "अवश्य."

"पुरा? काईच ठेवाचं नाही?"

"पूर्ण. एकही ओळ सुटता कामा नये."

तिने पावतीवर तसेच लिहिले. सहीपूर्वी प्रत्येक कागद दोनदा वाचण्याचा माझा नियम आहे. तो पाळून मी सही केली.

खरे तर तो संगणक माझ्यापेक्षा पत्नीचा अधिक होता. तिची आई आसगावच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करताना जी गाणी म्हणे, ती आईच्या मृत्यूनंतर पत्नी रोज दुपारी आठवून आठवून त्यात उतरवीत असे. दोन वर्षे तिचे हे काम चालले होते. दुसरीकडे कुठेही ती लिहिलेली नव्हती.

डबा घरी आला. तिने तो सुरू केला, बराच वेळ शोधले आणि मांडीवर हात ठेवून बसली.

"अजी, माह्या मायचे गाने कुठी गेले जी?"

मी दुकानावर संतापलो. दुकानाला द्यावयाची नोटीस मी तीन दिवस त्याच संगणकावर टंकित केली: अकरा पाने, कलमवार. प्रत्येक दुरुस्तीनंतर नवी प्रत जतन केली. नोटीस हाती घेऊन मी साकोली गाठली.

बाईने ती शेवटपर्यंत वाचली आणि माझ्यासमोर पावती ठेवली. "सही तुमचीच हाय ना?"

"फॉरमॅट म्हणजे नमुना!"

"तुमच्या कचेरीत. आमच्या इथं फॉरमॅट म्हणजे सफाचट."

आयुष्यभर इतरांना शब्दाचा अर्थ विचारीत आलेला मी, त्या पावतीकडे पाहत उभा राहिलो. मग गाण्यांविषयी सांगितले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

"हे आधी काहून नाही सांगितलं? ऐका. सात-बारावरचं नाव खोडलं म्हणून वावर उठून जात नाही. डिस्कचंही तसंच हाय. पण त्या जागेवर दुसऱ्यानं पेरलं, त मंग गेलं. परत नेल्यावर त्याच्यावर काई टाइप केलं का?"

मी तिच्यापुढच्या अकरा पानांकडे पाहिले. तिनेही पाहिले.

तिने डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. दोन दिवसांनी मी पत्नीला घेऊन गेलो. सापडलेल्या फाइलींची नावे गेली होती, नुसते आकडे उरले होते. पहिली उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिखल. पत्नीने मान फिरवली.

"थांबा काकू, मराठी फॉन्ट टाकाचा राहिला."

फॉन्ट बसला आणि त्या चिखलातून ओळी उभ्या राहिल्या. पत्नीने पडद्यावर बोट टेकवले आणि ती ओठांतल्या ओठांत वाचू लागली. बाई उगाच तारा गुंडाळत राहिली.

जवळजवळ सगळी गाणी मिळाली. एक मात्र मध्येच तुटले होते. रोवणीची बाई बांधीत उतरते, वाकते, आणि पुढच्या ओळीत: 'कलम चारनुसार आपणांस कळविण्यात येते की'.

"इथं तुमी घुसले," पत्नी म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी हसली. मला हसता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी यंत्रासमोर बसलो. पत्नी ते तुटलेले गाणे सांगू लागली आणि मी एका बोटाने लिहू लागलो. 'मला' असे लिहिताच तिने माझा हात धरला.

"मले लिवा. माय मले म्हने."

मी ते खोडून 'मले' लिहिले. शेवटच्या दोन ओळी तिला काही केल्या आठवेनात. आसगावच्या बहिणीला विचारून येते म्हणाली, तेव्हा मीही वही घेऊन निघालो. तिथे कोणाचीही भाषा सुधारायची नाही, असे तिने मला बसमध्येच बजावले.