चेउ एन्तिनचा अंगठा

लेम्बांगच्या आमच्या चढावरच्या गल्लीत जाड, मांसल पानांची रोपं घरोघरी आहेत, पण त्यांना सुरी लावायची ती एन्तिननेच. मी तिला चेउ म्हणायचे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. नातं काही नव्हतं. तिला मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला आणि तोंड इतकं फटकळ की शेजारणी कामापुरत्याच तिच्याशी गोड बोलत. मीही त्यांतलीच, हे आधीच कबूल करते.

आमच्याकडचा पाऊस मेअखेर सरतो; तो पुरता सरला की जूनमध्ये ती घरोघर फिरायची. पावसात कापलं तर कुजतं, हे तिने सगळ्यांना दटावून ठेवलं होतं. माझ्या खिडकीतली रोपं उजेडासाठी माना काढून लांबुळकी, वेडीवाकडी झालेली असत.

"अंधारात कोंडतेस आणि वर रोज पाणी पाजतेस," ती म्हणायची. "नवऱ्याला तरी धड सांभाळतेस का ग?"

बोलता बोलता सुरी जाळावर धरायची. पानांच्या गेंदाखाली दोन बोटं देठ ठेवून कापायची आणि काप डोळ्यांजवळ नेऊन बघायची. तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर कापायची, स्वच्छ काप येईपर्यंत. मग त्यावर दालचिनीची पूड दाबून शेंडा आठवडाभर सावलीत कोरडा ठेवायचा, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. त्यानंतरच मातीत. उरलेल्या खुंटाला पुढे पिल्लं फुटत. तिच्या हातचं रोप मेलेलं मी पाहिलं नाही.

त्या वर्षी ती आली तीच लंगडत. डाव्या पायावर कुंडी पडली होती. चपलेतून अंगठा दिसला, काळपट पडलेला, आणि त्यावर दालचिनीची पूड. वासही येत होता. तिला साखरेचा आजार आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझी अकरा रोपं कापायची होती, आणि तिला डिवचलं तर ती सुरी उचलून चालती झाली असती. मी गप्प बसले. वर तळलेली केळी पुढे केली, तीही तिने खाल्ली.

पंधरा दिवसांनी तिचं दार दुपारपर्यंत बंदच. ढकलून आत गेले, तर पाय बाकावर ठेवून बसलेली, अंगात ताप.

"चेउ, दवाखान्यात चल."

"कशाला? सुकतंय. पाण्याचा थेंब लागू दिला नाही."

"अग, पाय आहे तो, रोप नाही."

"चाळीस वर्षं कापतेय मी, इमास. मला शिकवू नकोस."

मी तिला वाटेल तसं बोलले. माझ्या नवऱ्याने तिला उचलून रिक्षात घातलं. बांडुंगच्या इस्पितळात आधी अंगठा गेला. शुद्धीवर आल्या आल्या तिने डॉक्टरला विचारलं, "कापल्यावर आत बघितलंत ना? स्वच्छ होतं?"

"अजून सांगता येत नाही, बाई," तो म्हणाला. आठवड्याने अर्धं पाऊल गेलं, महिन्याने गुडघ्याखालचा पाय.

आता ती घरी असते. मी दोन वेळचं जेवण नेऊन देते. भात थंड असला तरी ती काही म्हणत नाही, भाजी खारट झाली तरी नाही. मला ते सोसत नाही. तिने मला शिव्या द्याव्यात म्हणून एकदा मुद्दाम मिरचीची चटणी न्यायची विसरले, तर तिने नुसता भात गिळला.

परवा मी ताट वाढत होते, तेव्हा ती म्हणाली, "इमास, अंगठा तू तेव्हाच बघितला होतास."

मी भाजी वाढत राहिले.

"बघितलास ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ओरडली असतीस, चेउ." अकरा रोपांचं तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"ओरडले असते," ती म्हणाली. "आणि ओरडत ओरडत दवाखान्यात गेले असते."