माझ्या पेपरला नसीमाचा हात

त्या सकाळी लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत बसून मी माहूरच्या रेणुकाआईशी भांडत होते. भक्तीच्या अनुभवाची सुरुवात भांडणानं करू नये, एवढं मला कळतं. पण जसं झालं तसंच सांगायचं मी ठरवलंय. खिडकीबाहेर हरभऱ्याची रानं मागं पळत होती, शेजारी माझी धाकटी जाऊ सुनंदा चिवड्याची पुडी सोडत होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, "आई, तू आमची कुलदेवी. तुझी ओटी चुकवली नाही, नवरात्रातला उपास चुकवला नाही. उजवा हात गेला तेव्हाही तुला एका शब्दानं बोलले नाही. मग आजच हा खेळ कशाला?"

हात गेला म्हणजे जागेवर आहे, पण कामाचा नाही. काही वर्षांमागं मला पक्षाघाताचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला. जीभ तर इतक्या लवकर सुधारली की आमच्या ह्यांच्या मते तिला काही झालंच नव्हतं. हात मात्र रुसलेल्या जावयासारखा मांडीवर बसून राहिला, कितीही मनधरणी करा, उठायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम द्या. घरात सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्या डोक्याला काम मिळालं की ताप घरच्यांना होतो, हा जुना अनुभव. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं परस्पर अर्ज भरला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी नांदेडच्या विद्यापीठात एम.ए. मराठीच्या वर्गात जाऊन बसले. निम्मा आठवडा बहिणीकडे नांदेडला, निम्मा लातूरला. हे डाळीच्या गिरणीत कामाला. गिरणीत जन्म गेलेला माणूस घरात पहिल्यांदा वरण करायला शिकला, हा माझ्या शिक्षणाचा पहिला फायदा.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरायचा. पहिल्या दिवशी मी जिना चढून वर पोचले तेव्हा तास संपून पोरं खाली उतरत होती. तिथंच मला दिव्यांग कक्षाच्या कांबळे मॅडम भेटल्या. त्या स्वतः कुबडी घेऊन चालतात, पण त्यांच्या पुढं चालायची कुणाची हिंमत नाही.

"तुम्हाला जिना चढायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "माझ्या एकटीसाठी सगळ्यांना कशाला तरास?"

"मावशी, ते तरास-बिरास घरी ठेवून येत जा. हे तुमच्या हक्काचं हाय. हात पसरून मागायचं नसतंय, बसून घ्यायचं असतंय."

थोड्याच दिवसांत आमचा वर्ग तळमजल्यावर आला. पोरं आधी कुरकुरली, मग इथून कॅन्टीन जवळ पडतं हे ध्यानात आल्यावर माझ्यावर भलतीच माया करायला लागली. तास मोबाईलवर रेकॉर्ड करायची मला परवानगी मिळाली. परीक्षेला लेखनिक मिळाला, म्हणजे उत्तर मी तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ते लिहायचं. शिवाय तासामागं वीस मिनिटं जादा. ही जादा मिनिटं घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणाच्या तरी ताटातलं खातोय असं वाटायचं.

माझी लेखनिक होती माझी भाची, पल्लवी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सेमिस्टरचे सगळे पेपर तिनं लिहिले, फक्त शेवटचा राहिला. मधे सुट्टी होती म्हणून मी लातूरला आले होते. तर पेपरच्या आदल्या दिवशी बहिणीचा फोन, "अगं, मुखेडचं स्थळ आलंय. मुलगा सैन्यात हाय, सुट्टी संपत आली त्याची. उद्याच येऊन राहिलेत पोरीला बघायला."

"आणि माझा पेपर?"

"तुझा पेपर पुढच्या खेपेला परत येतोय. असं स्थळ येतंय का?"

मागून पल्लवी ओरडत होती, "मावशी, मी येते! त्यांना म्हणावं चार वाजता या!" पण बहिणीनं फोन ठेवला. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मी असते तर फोन उचललाच नसता. पण माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. हा पेपर हुकला तर पुन्हा विद्यापीठाची पायरी चढायची नाही. सगळ्यांना धावायला लावून शिकायचं, कशासाठी? हात गेलेल्या बाईनं जपमाळ ओढावी, तीही डाव्या हातानं, आणि गप बसावं.

घरात मात्र कुणी गप बसेना. आम्ही पडलो लातूरचे. इथं ज्याचे मार्क जास्त त्यालाच रस्त्यानं जाताना लोक ओळख देतात. दिरांनी तोडगा काढला, "वहिनी, आपली सुनंदा एम.ए. बी.एड. हाय, फर्स्ट क्लास. घरातलं सगळ्यात शिकलेलं माणूस तुमच्यासोबत देऊन राहिलो." सगळ्यांना हायसं वाटलं. मलासुद्धा.

नांदेडला परीक्षेच्या खोलीबाहेर कांबळे मॅडमनी सुनंदाचं शिक्षण विचारलं आणि कपाळाला हात लावला. "अहो मावशी! लेखनिक तुमच्यापेक्षा कमी शिकलेला लागतोय! ह्यांचं एम.ए. आधीच होऊन बसलंय!"

"मी काही सांगणार नाही त्यांना, नुसतं लिहीन," सुनंदा म्हणाली.

"मला पटतंय हो. नियमाला पटत न्हाई."

सुनंदाचा चेहरा एवढासा झाला. "मग मी एवढं शिकले ते चुकलं म्हणायचं का?"

ऐन वेळी लेखनिक बदलायची सोय नियमातच आहे, पण माणूस तर पाहिजे. पेपर सुरू व्हायला फार वेळ नव्हता. सुनंदा कोपऱ्यात जाऊन एकेका नातेवाइकाला फोन लावायला लागली, पण आमच्या घराण्यात धड कमी शिकलेलं कुणी निघेना. मी बाकावर बसले. सकाळी एसटीत जे भांडण सुरू केलं होतं, ते पुढं न्यायचंही त्राण उरलं नव्हतं. एरवी मी देवीला नुसतं मागत नाही, ते कसं करावं हेही सांगते. त्या दिवशी काही सुचेना. एवढंच म्हणाले, "आई, मला आता काही कळत नाही. तुला सुचेल ते कर."

बाहेर लिंबाखाली परीक्षेला पोरं सोडायला आलेले आईबाप थांबलेले असतात. मॅडमचा आवाज मला आत ऐकू आला, "बारावी झालेलं कुणी हाय का? एका बाईचा पेपर लिहायचाय!" एक आजोबा म्हणाले, "माझं चौथी हाय, चालतंय का?" लोक हसले. दुसरे कुणी इंजिनिअर निघाले. आणि मग एका बाईचा आवाज आला, "बारावी झालंय माझं. पर अक्षर बघून हसायचं न्हाई, आधीच सांगून ठेवते."

ही नसीमा. नांदेडातच राहते, घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. चाळिशीची, डोक्यावरून ओढणी, हातात भाजीची पिशवी. रोज ती लेकीला गेटवर सोडून माघारी जाते. त्या दिवशी लेक हॉलतिकीट घरी विसरली म्हणून ते द्यायला आतपर्यंत आली होती. मॅडमनी विचारलं, बारावीचा काही पुरावा? मला वाटलं, झालं, इथं अडलं. गुणपत्रिका घेऊन कोण भाजीला निघतं? नसीमानं मोबाईल काढला. मागच्याच आठवड्यात अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज केला होता, त्यासाठी काढलेले सगळ्या कागदांचे फोटो त्यात होते. मॅडम कुबडी टेकत तिला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घ्या मावशी, नियमात बसणारं माणूस."

मी ह्याला काय म्हणायचं ते म्हणते. तुम्हाला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आम्हाला वेगळी खोली दिली होती आणि एक तरुण सर पर्यवेक्षक होते. पेपर लोकसाहित्याचा. नसीमानं पेन धरलं आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. ती एक एक अक्षर साडीला टीप घालावी तसं घालत होती. पल्लवी नुसती पळायची. मी सांगत होते, मान वाकडी करून बघत होते आणि माझा डावा हात कधी तिच्या कोपराला जाऊन लागला ते मलाच कळलं नाही. आमच्यात पूजेला नवरा-बायको बसतात, तेव्हा सगळं करायचं नवऱ्यानं आणि बायकोनं त्याच्या हाताला हात लावून बसायचं. म्हणजे पूजा दोघांची होते. आयुष्यभराची सवय. इथंही मला वाटत होतं, हात लावला की लिहिणं माझं.

"ताई, हात काढा," सर म्हणाले. "खाणाखुणा केल्यासारखं दिसतंय."

मी गडबडून म्हणाले, "खुणा नाही हो सर. पूजेला लावतात तसा लावलाय!"

सरांच्याही हाताला घरी पूजेत कुणीतरी हात लावलेला असणार, कारण चेहऱ्यावर हसू आलं. पण मान हलली ती नाहीच म्हणून. नसीमा खालच्या आवाजात म्हणाली, "काढा, आपा. तुम्ही बोला फकस्त. मी हाय ना."

मी हात काढून मांडीवर, त्या रुसलेल्या हाताशेजारी ठेवला. आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, दोन्ही अर्थांनी. डोळे मिटले आणि बोलायला लागले. काय आश्चर्य, बोलणं सुटलं. जात्यावरच्या ओव्यांवर प्रश्न होता. मी दळणाऱ्या बायका, त्यांची माहेरं, दिवाळीला न आलेला भाऊ असं रंगवून सांगत गेले. बराच वेळ सांगितल्यावर लक्षात आलं, पेनाचा आवाज येत नाही. डोळे उघडले तर नसीमा हनुवटीला पेन लावून माझ्या तोंडाकडे बघतेय.

"मग? आला का भाऊ?"

"अगं बाई, लिही ना!"

"या अल्ला!" म्हणून तिनं पेन टेकवलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते, पण खांदे हलत होते. तेवढं सगळं मी परत सांगितलं. पहिल्यापेक्षा सुटसुटीत झालं, हे मात्र कबूल करायला हवं.

बाकीच्या वर्गांची घंटा झाली तेव्हा माझा एक अख्खा प्रश्न राहिला होता. नसीमा घाबरली, "झालं का संपलं?" सर म्हणाले, "तुमचा वेळ आहे अजून, सावकाश लिहा." ज्या वेळेची मला लाज वाटायची, त्या वेळात आम्ही दोघींनी तो प्रश्न पुरा केला. कुणाच्या ताटातलं नव्हतं ते. माझंच ताट होतं, मी इतके दिवस पाटावर बसत नव्हते एवढंच. मॅडम म्हणतात तो हक्क आणि आम्ही म्हणतो ती कृपा, ह्या दोघी मला तेव्हापासून सख्ख्या बहिणी वाटतात. कुणीतरी आपल्याआधी भांडून नियम करून ठेवतं, मग आपल्यासारखीला ऐन वेळी देव भेटतो.

बाहेर आलो तर नसीमाची लेक आणि सुनंदा लिंबाखाली पिशवीतल्या गाजरांवर ताव मारत होत्या. मी नसीमाला काही द्यायला लागले तर ती रागावली. "दुआ द्या. अंगणवाडीचं काम होऊ द्या." संध्याकाळी पल्लवीचा फोन आला, "मावशी, तुझा पेपर झाला का? माझा तर झाला, मुलगा बरा हाय!"

निकाल लागला. पहिला वर्ग नाही, पण सगळे विषय सुटले. नसीमाचं अंगणवाडीचं अजून अडकलेलंच आहे. मात्र तिच्या लेकीनं तिला बी.ए.ला बसवायचं ठरवलंय. मी फोनवर म्हटलं, "शिक बाई, भरपूर शिक. फक्त माझ्या चौथ्या सेमिस्टरपर्यंत जरा दमानं घे." ती हसली, "तुमचं आधी होऊ द्या आपा, मग बघा माझं."

निकालानंतर आम्ही माहूरला गेलो. पायऱ्या थांबत थांबत चढले. गाभाऱ्यात उभी राहिले आणि नेहमीसारखा एकाच हातानं नमस्कार केला. इतकी वर्षं मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे हात जोडणं, आणि माझे तर जोडतच नाहीत. समोर आईचा शेंदरी मुखवटा, मोठाले डोळे, तोंडात विडा. लहानपणापासून बघत आलेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं की आपल्या आईला नुसतं मुख आहे. हात नाहीतच. आणि एवढा संसार चालवते. मला एकदम हसू आलं. म्हणजे हिलाही लेखनिक लागतो तर! ही बोलते, आणि कुणीतरी भाजीची पिशवी खाली ठेवून लिहायला बसतं.

ह्यांनी विचारलं, "हसतेस काय गाभाऱ्यात?" मी परत आईकडे वळले. त्या दिवशी तिच्याकडे मागितलं मात्र काही नाही. एवढंच म्हणाले, "आई, तुला कधी कुणासाठी हात कमी पडला तर मला हाक मार. डावा आहे, पण रिकामा आहे."