कुट्टी मशीनचं झाकण

जळगावच्या ग्राहक आयोगासमोर मी टायपिंगचं टेबल लावतो. कंपन्यांची बाजू मांडणारे एक वकीलसाहेब माझं कायमचं गिऱ्हाईक. मजकूर सांगताना ते डोळे मिटतात, आणि मिक्सर फुटो की गीझर, पहिलं वाक्य ठरलेलं: "चूक वापरणाऱ्याची आहे."

पारोळ्याकडच्या एका अक्कांची तीन बोटं कडबाकुट्टी मशीनमध्ये तुटली. सुनावणीत त्या म्हणाल्या, "चारा अडकना का हात घालनाच पडस, भाऊ. तोंड उघडंच शे."

अध्यक्षांनी मशीन कंपनीतर्फे उभ्या असलेल्या साहेबांना विचारलं, "तोंडावर झाकण बसवता आलं नसतं का?"

"झाकण लावलं तर मशीन चालणारच नाही," साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कागदावर सही घ्यायला मी त्यांच्या फैजपूरच्या मळ्यात गेलो. गोठ्यात त्याच कंपनीचं, तसलंच मशीन धडधडत होतं, आणि तोंडावर पत्र्याचं भक्कम झाकण होतं.

"घरची माणसं चारा घालतात, जपावं लागतं," साहेब सहज बोलून गेले.

मी गुपचूप फोटो काढला आणि अक्कांना पोचवला. निकाल त्यांच्या बाजूने लागला. चारा सारताना हात आत जाणार हे बनवणाऱ्याला कळायला हवं होतं, झाकण लावूनही मशीन चालतं, म्हणजे रचनाच सदोष, असं आयोगाने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब अपील सांगायला आले. डोळे मिटून म्हणाले, "फोटोतील मशीनला परस्पर झाकण लावणारा इसम अत्यंत बेजबाबदार आहे."

"इसमाचं नाव काय टाकू?" मी विचारलं.

"अज्ञात," ते म्हणाले.