मराठी पुस्तकं, सेमीची मुलगी

खोकं फोडलं आणि गणिताच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बोट फिरवलं. ब्रेल मराठीत होतं, हवं होतं इंग्रजीत. शेजारी साक्षी उभी होती.

"मॅडम, आली ना बुकं?"

"आली गं. पण छापणाऱ्यांनी गोंधळ घातलाय," मी म्हणाले.

मी फिरती विशेष शिक्षिका. भाईंदर पूर्वेच्या शाळांमध्ये अंध मुलांना ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची टिंबांची लिपी, शिकवते. साक्षी आठवीत, सेमीच्या तुकडीत. सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. पोरीला गणिताचं वेड.

गोंधळ छापणाऱ्यांचा नव्हता, माझा होता. मागणीपत्रात 'माध्यम' हा एकच रकाना. शाळा मराठी, म्हणून दरवर्षीसारखं 'मराठी' लिहून मी मोकळी झाले. सेमीतलं अंध मूल मला आधी कधी मिळालंच नव्हतं.

नवी मागणी पाठवली. ब्रेल छापून यायला महिने लागतात. तोवर मी इंग्रजी धडे हाताने ब्रेलमध्ये उतरवून द्यायचे. पण वर्ग पुढे, आम्ही मागे. सर 'परपेंडिक्युलर' म्हणायचे आणि हिच्या बोटाखाली 'लंब'. पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली.

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "तिला बी डिव्हिजनला टाकूया. तिथे सगळं मराठीत आहे, बुक्स पण आहेत."

"मॅम, फॉर्म मी चुकीचा भरलाय. थोडा वेळ द्या."

"वेळ कुठून आणू? युनिट टेस्ट तोंडावर आलीय."

साक्षीची आई केबिन रोडला साडीच्या दुकानात काम करते. ती तुकडी बदलायच्या अर्जावर सही करायला आली. "मॅडम, घरच्यांशी भांडून सेमीत घातलेली हिला. दिसत नाय तर इंग्लिश कशाला, बोलत होते. आता त्यांचंच खरं झालं."

खरं काय ते तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी अर्ज पुढे सरकवला. तिने सही केली.

इंग्रजी पुस्तकं वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आली. मी ती घेऊन बी तुकडीत धावले. "साक्षी, नववीला परत सेमी घेऊ. मी बोलते मॅमशी."

तिने पुस्तक उघडलंही नाही. "नको मॅडम. तुम्ही एवढं हाताने लिहून द्यायचात, तरी मला नाय जमलं. मला इंग्लिश येणारच नाय."

मग मी मागणीपत्रातली माझी चूक सांगितली. "असू दे मॅडम. मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही."

आपली चूक मुलाला त्याच दिवशी सांगावी. उशीर केला की मूल ती स्वतःच्या नावावर करून घेतं, आणि मग परत देत नाही. साक्षी नववीलाही बी तुकडीतच आहे.