सहाच्या सहा फासे

माझी थोरली जाऊ बेकरीत पाव भाजते. तिथेच गॅसचा स्फोट झाला, डाव्या गालाची कातडी गेली, डावा कान कायमचा बहिरा झाला आणि बरी होताच बाईसाहेब पुन्हा त्याच भट्टीसमोर उभ्या. मालकाने गल्ल्यावर बसायला सांगितलं होतं. "गल्ल्यावर मला झोप येते," एवढंच म्हणाली.

मी तिला ताई म्हणते. सुटीच्या दुपारी आम्ही माझ्या नवऱ्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत फाशांचा खेळ खेळतो. ताई, मी आणि ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर एकेक पात्र चालवतो. आमचे हे सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणार आणि संकटं आणणार. ताईचं पात्र म्हणजे एक भालाईत बाई, अंगापिंडाने दांडगी, कुणाच्या बापाला न भिणारी. वर्षानुवर्षं जोपासलेलं पात्र, पण मेलं की मेलं, परत येत नाही.

स्फोटाचा नियम साधा आहे. चौकटी आखलेल्या कागदावर बॉम्ब पडला की त्याभोवती वर्तुळ काढायचं. नुकसान किती ते सहा फासे टाकून ठरवायचं, आत असलेल्या सगळ्यांना सारखंच, मग तो शत्रू असो की स्वतःचा भाऊ. त्यानंतर ज्याने त्याने वीस बाजूंचा फासा टाकून अंग चोरायचं. मोठा आकडा पडला तर अर्धं नुकसान, लहान पडला तर पूर्ण. बंद खोलीत मात्र आग भिंतींवरून उलटते, तिथे खोलीभर सगळेच सापडतात.

आमच्या ह्यांनी यात गुपचूप एक पोटनियम घुसवला होता. ताईजवळ स्फोट होऊ द्यायचा नाही. वर्तुळ नेमकं तिच्या अलीकडे संपायचं. मला ते दिसत होतं, मास्तरांनाही दिसत होतं, आणि आम्ही मूग गिळून बसलो होतो. वर आपण किती मोठ्या मनाचे, असं वाटून घ्यायचो.

त्या दुपारी आम्ही तिघं एका तळघरात अडकलो होतो आणि शत्रूने वरून बंदुकीच्या दारूचं पेटतं पिंप ढकललं. ह्यांनी वर्तुळ काढलं. मी आत, मास्तर आत, ताई बाहेर.

"भावजी, दार लावलंय ना?" ताईने विचारलं.

"हो, पण फट आहे. वहिनी, धूर तिकडून जाईल."

"जाणार नाही. खोली बंद आहे. मी आत आहे. टाका फासे."

ह्यांनी तीनच फासे उचलले. ताईने त्यांचं मनगट धरलं, बाकीचे तीन स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवले. "त्या दिवसापासून सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलल्यासारखं बोलतात. घरात, बेकरीत, रस्त्यावर. इथे मी भाला घेऊन येते. इथेही मला पेशंटच करायचं असेल तर मी उद्यापासून येत नाही."

ह्यांचा चेहरा पडला. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. सहाच्या सहा फासे पडले, आकडा भयंकर होता. मी निम्म्यावर सुटले, मास्तर जेमतेम वाचले. ताईने फासा हातात खुळखुळवून टाकला. तीन.

"टेबल हललं," मास्तर घाईघाईने म्हणाले. "पुन्हा टाका."

"वहिनी, खरंच हललं," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"तुमच्या वेळी हललं नाही ते?" ताईने पेन घेतलं आणि भालाईत बाईच्या नावावर आडवी रेघ मारली. रडली थोडी, लपवलं नाही. मग नाक पुसून तिने कोरा कागद पुढे ओढला.

"आता कोण होणार?" मी विचारलं.

"बॉम्ब फेकणारी," ती म्हणाली. "आणि माझ्या वर्तुळातून कुणालाही सूट नाही."