कुलूप लागणारा रस्ता

उणे वीस अंश थंडीत मी कोट न घालता बाहेर पडलो. कडेवर पाच महिन्यांची नात होती.

आसनगावहून आम्ही नवराबायको अमेरिकेत मिनियापोलिसला गेलो ते लेकीसाठी. प्रणाली बाळंतपणानंतर नुकतीच कामावर रुजू झालेली, आणि पोर बाटली तोंडात धरेना. म्हणून रोज चारच्या सुमारास नातीला आईच्या ऑफिसात नेऊन पाजून आणायचं ठरलं. हे काम माझ्याकडे आलं ते बायकोचे गुडघे दुखतात म्हणून. माझ्या हुशारीचा त्यात काही वाटा नव्हता.

"बाबा, कोट घ्या," असं प्रणाली बजावून गेली होती. पण तिचं घर नि ऑफिस दोन्ही शहराच्या मध्यभागी, आणि तिथे खाली रस्त्यावर उतरावंच लागत नाही. स्कायवे (इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारे काचेचे बंद पूल) आहेत. इमारतीतून पुलात, पुलातून पुढच्या इमारतीत. "घरातल्या घरात जायचं, कोट कशाला?" असं बायकोला ऐकवून मी स्वेटरवर निघालो. नातीला मात्र तिने दुपट्यात नि गोधडीत असं गुंडाळलं होतं, की नुसतं नाक दिसत होतं.

पहिले दोन पूल मजेत गेले. खाली बर्फाचे काळे ढीग, बसथांब्यावर आखडलेली माणसं. वर उबेत फुलवाला, न्हावी, सूपचं दुकान. पाट्यांवर रस्त्यांची नावं नाहीत, फक्त इमारतींची. या बँकेतून त्या बँकेत. आमच्याकडे माहुलीचा डोंगर दिसला की माणसाला दिशा कळते. इथे चहूकडे काच आणि काचेत माझंच तोंड.

तिसऱ्या पुलापाशी बाकावर एक म्हातारा पेंगत होता. गणवेशातला रखवालदार आला. "इथे झोपता येत नाही. या इमारतीत तुमचं काय काम आहे?" म्हातारा पिशवी उचलून जिना उतरला. थोड्या वेळाने काचेतून तो खाली बर्फात उभा दिसला.

माझं डोकं फिरलं. आमच्या मूळ गावी, शेणव्यात, कापणी झाली की कोणाच्याही शेतातून आडवं जावं. मालक फार तर विचारतो, "कुनीकडं रं?" आणि पाणी देतो. इथे रस्त्याला मालक, मालकाला रखवालदार, आणि चालणाऱ्याला काम पाहिजे. संध्याकाळी मालकाच्या मर्जीने दारं लागतात. असल्या गोष्टीला रस्ता म्हणायचं तरी कसं?

या संतापात माझं वळण चुकलं. नातीने भुकेचा सूर लावला. तेवढ्यात ऑफिसं सुटली आणि समोरून माणसांचा लोंढा आला. उभा जन्म आसनगावहून कल्याणला ये-जा केलेली. सुटलेली गर्दी योग्य ठिकाणीच जाते, हा माझा अनुभव. घुसलो मागे. गर्दीने मला दोन पूल आणि एक जड दार पार करून नेलं, आणि गाड्या ठेवायच्या उघड्या मजल्यावर आणून सोडलं. जो तो आपापल्या गाडीत बसला नि गेला.

मागे वळलो तर दार बंद. बाहेरून कार्ड लागत होतं. वारा स्वेटरमधून आरपार. नात आता किंचाळत होती, आणि रडता रडता तिचा आवाज बसत चालला होता. फोन लावायला बोटं वळेनात. तिचं नाक लाल झालेलं पाहिलं.

मी दार बडवलं. आणखी बडवलं. शेवटी गाडीकडे निघालेल्या एका बाईने आतून ते उघडलं. आभार मानायचे सोडून मी सुरू झालो, "रस्त्याला कुलूप लावता? लेकराबाळांचं काय?"

ती म्हणाली, "भांडण नंतर करा. आधी बाळाला आत घ्या."

तिनेच माझ्या फोनवरून प्रणालीला बोलावलं. लेक धावत आली, माझ्याकडे न बघता पोर घेतली आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून पाजायला लागली. पोर घोट घेऊ लागली तेव्हा कुठे ती बोलली, "बाबा, उद्यापासून मीच घरी येईन." मी त्या दारांबद्दल बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं. काम मात्र परत मिळालं नाही. उरलेला महिना आजी बाळाला खेळवायची नि मी भांडी घासायचो.

परत आल्यावर शेणव्याला गेलो आणि वत्सलावहिनींच्या ओटीवर ही सगळी कहाणी रंगवून सांगितली. थंडीपासून माणसं वाचवायला पूल बांधायचे आणि ज्याला थंडी वाजते त्यालाच हाकलायचं, याचा राग मला अजून आहे, आणि तो बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं. वहिनी भात पाखडत होत्या. सूप थांबलं.

"पोर भुकेली व्हती, नि तुमी गर्दीच्या मागं गेलात?"

"सगळेच जात होते, वहिनी."

"भावोजी, आमची म्हस बी सांजला कळपामागंच येते," वहिनी म्हणाल्या, "पन आपलं दार आलं का वळते."