डब्यावरची तिसरी रेघ

वर्ना स्टकी तशी शांत बाई. राग आला तर तो रिव्हेट मारता मारता जिरवायचा, अशी अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या विमान कारखान्यात अर्धा जन्म काढून तिला सवयच झाली होती. पण काही राग जिरत नाहीत, आणि जिरूही नयेत.

त्या कारखान्यात एक रीत होती. आपण बांधलेलं नव्या जातीचं विमान पहिल्यांदा जमिनीवरून उठलं की कामगारांनी कुंपणाशी उभं राहून जेवणाचे पत्र्याचे डबे बडवायचे, आणि मग ज्यानं त्यानं आपल्या डब्याच्या झाकणावर खिळ्यानं रेघ ओढायची. उठलं नाही, तर रेघ नाही. वर्नाचा बाप ऑर्विल दुसऱ्या महायुद्धापासून तिथंच होता. त्याचं झाकण रेघांनी भरलेलं, आणि एकेका रेघेवर म्हातारा तासभर बोलायचा. वर्नाच्या वेळेला नवी विमानं कमी, तिच्या झाकणावर दोनच होत्या.

तिसरी या विमानाची व्हायची होती. आरमारासाठी होतं ते, लहानशा जहाजावरून धावपट्टीशिवाय सरळ वर उठणारं. इंजिनाचा झोत पंखांतल्या झडपांतून खाली सोडायचा आणि त्याच्या जोरावर विमान उचलायचं. झडपा वर्नाच्या टोळीनं बसवल्या. एक बसली नाही की सगळ्या उतरवा, पुन्हा बसवा. बोटं सोलून निघाली बाईची.

आधी ते क्रेनला पोलादी दोरांनी बांधून, आपल्या जोरावर उठतं का ते पाहायचं ठरलं; दोर नुसते सांभाळायला. टोळीला चाचणीच्या मैदानावर बसनं नेलं. इंजिन गरजलं, धुळीचा लोट उठला आणि विमान हळूहळू वर जाऊ लागलं. पहिला डबा वर्नानं बडवला, मग सगळ्यांनीच, आणि तिथंच ज्यानं त्यानं झाकणावर रेघ ओढली. प्रकल्पाचे मोठे साहेब वेंडेल क्रूगर वळून हसले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

ऑर्विल तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. त्यानं एवढंच विचारलं, "चाकं जमिनीवरून सुटली?"

"सुटली, डॅड."

म्हातारा रडला. येईल त्याला सांगत सुटला, माझ्या पोरीचं विमान उठलं म्हणून. त्या आनंदातच तो गेला.

पुढे आरमारानं विमान रद्द केलं. कँटीनमध्ये निरोपाचा केक ठेवला होता, काय मेलं कौतुक! क्रूगरसाहेबांनी भाषणात मोकळेपणानं सांगून टाकलं की विमानानं आपलं सगळं वजन कधी पेललंच नाही. त्या दिवशीसुद्धा वर ओढत होती ती क्रेन. आम्हाला ते तिथंच मोजमापाच्या आकड्यांत दिसत होतं, म्हणाले.

वर्ना उठली.

"मग टाळ्या कशाला वाजवल्यात?"

"तुम्ही सगळे इतके खूश होतात, वर्ना. तुमचं मन मोडवेना."

"मन मोडवेना! माझ्या बापानं न उठलेल्या विमानाला जन्मात कधी डबा बडवला नाही, साहेब. मरताना मात्र खोटं ऐकून गेला, आणि तेही माझ्या तोंडून."

तिनं डबा केकशेजारी आपटला, ॲप्रनच्या खिशातून कानस काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"घासून काढा."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी हललं नाही. मग ते खाली मान घालून घासू लागले. रेघ खोल होती, पत्रा पातळ. शेवटी झाकणाला भोक पडलं, तरी ती पुरे म्हणाली नाही. आणि तिच्या मागे टोळीतले लोक आपापले डबे घेऊन रांगेत उभे राहू लागले होते.